टीम लोधीखेड्यात, साहेब पुण्यात

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की सावनेर आणि केळवद मागे टाकून गाडी मध्य प्रदेशात शिरते. पाट्या हिंदी होतात. पानठेल्यावरचं बोलणं मराठीच राहतं. सौंसरच्या अलीकडे, जाम नदीच्या काठी लोधीखेडा लागतं. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी हे गाव एके काळी नावाजलेलं होतं. आता हा मुलूख संत्र्याचा आणि कापसाचा. दुरून टीम चालवण्याच्या अडचणींवरच्या पुस्तिकेची प्रस्तावना इथून सुरू करावी, हे काहींना विचित्र वाटेल. हा विषय पुण्याच्या हिंजवडीचा, फार तर नागपूरच्या मिहानचा, असं ते म्हणतील. मला तसं वाटत नाही.

दुरून चालवलं जाणं म्हणजे काय, याचा या पट्ट्याला पिढ्यांचा अनुभव आहे. १९५६ सालापर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. सकाळी निघालेला माणूस काम आटोपून रात्री घरी जेवायला येऊ शकत होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. हायकोर्ट जबलपूरला. वीज वितरण कंपनीचं मुख्यालयही जबलपूरलाच. जिल्ह्याच्या कामाला सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याला जायचं, ते ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा थांबलं. घरात मराठी, अर्जात हिंदी आणि निर्णय तिसऱ्याच गावी. कागद वर गेला एवढं कळतं, कुणाच्या टेबलावर आहे ते कळत नाही. ज्याला माहिती आहे त्याला अधिकार नाही, ज्याला अधिकार आहे त्याने गाव पाहिलेलं नाही. व्यवस्थापनाची जाडजूड पुस्तकं दूरस्थ टीमबद्दल जे सांगतात ते बहुतेक सगळं एवढ्यात येतं. फक्त तिथे साहेबाला ‘स्टेकहोल्डर’ म्हणतात.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत पुण्या-बंगळुरूतली मुलं लॅपटॉप घेऊन गावोगावी परतली. तोवर आयटी आणि बीपीओ कंपन्यांना माणूस घरी बसवून काम करून घ्यायचं तर दूरसंचार खात्याचे नियम आडवे येत. ते आधी तात्पुरते आणि नोव्हेंबर २०२० मध्ये कायमचे सैल झाले. सेझमधल्या कंपन्यांना जुलै २०२२ मध्ये निम्म्या कर्मचाऱ्यांपर्यंत घरून कामाची मुभा मिळाली. २०२५ पर्यंत कुठल्याही वेळी पाव कर्मचारीच ऑफिसात लागतील, असं चित्र टीसीएसने २०२० मध्ये मांडलं होतं. त्याच टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं. मोठ्या कंपन्या अशा मागे फिरल्या, तरी विषय मिटला नाही. छोट्या कंपन्या, हिशेबनीसांची ऑफिसं, ग्राहकसेवा, ऑनलाइन शिकवण्या, तीन-चार तालुक्यांत काम करणाऱ्या संस्था यांची माणसं आज विखुरलेलीच आहेत आणि ती सांभाळणारा बहुतेक वेळा तीस-पस्तिशीतला एखादा टीम लीडर असतो. त्याला कामाचं शिक्षण मिळालेलं असतं, दूर बसलेली माणसं सांभाळण्याचं कुणी दिलेलं नसतं. ही पुस्तिका त्याच्यासाठी आहे, आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या माणसासाठीही.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकतो. ऑफिसात जे व्यवस्थापन होत होतं, त्यातला मोठा भाग कुणी करत नव्हतं. तो आपोआप होत होता. नवा मुलगा अडला की शेजारच्या टेबलावरच्याला त्याचं तोंड वेडंवाकडं झालेलं दिसायचं आणि तो खुर्ची सरकवायचा. साहेब फोनवर चिडून बोलला की अख्ख्या मजल्याला कळायचं, क्लायंट नाराज आहे. चहाला उतरताना कोण कुणाशी बोलत नाही, हे दिसायचं. हे सगळं फुकट होतं, म्हणून हिशेबात कधी धरलंच गेलं नाही. माणसं दूर गेली तशी ती फुकटची व्यवस्था बंद पडली. आता तीच गोष्ट कुणीतरी मुद्दाम, वेळ घालून, पैसे खर्चून करायला हवी. कंपन्यांनी जागेचं भाडं वाचवलं, विजेचं बिल वाचवलं, आणि हा नवा खर्च मात्र कुणाच्याच नावावर टाकला नाही. दूरस्थ टीमच्या बहुतेक तक्रारी मला या न टाकलेल्या खर्चाच्या तक्रारी वाटतात.

एक साधा निरोप घ्या. पुण्यातून संध्याकाळी साडेसहाला लिहिलेला: “रिपोर्ट एकदा बघून पाठव ना.” इकडे सौंसरला बसलेली मुलगी विचारात पडते. कुठला रिपोर्ट, मागच्या महिन्याचा की तिमाहीचा? बघायचं म्हणजे आकडे जुळवायचे की स्पेलिंग? पाठवायचं सरांना की थेट क्लायंटला? आज की उद्या? ऑफिसात तिने मान वर करून विचारलं असतं आणि दहा सेकंदांत विषय संपला असता. इथे ती विचारायला कचरते, कारण लेखी विचारलं की आपला अडाणीपणा कायमचा नोंदला जातो असं तिला वाटतं. रात्री नऊला निरोप येतो, “झालं का?” ती लिहिते, “करून राहिले सर.” साहेबाला वाटतं, अडीच तास काय करतेय? तिने मात्र तिमाहीचा अख्खा रिपोर्ट नव्याने जुळवायला घेतलेला असतो. त्याला हवं होतं फक्त पहिल्या पानावरचं नाव. दोघंही प्रामाणिक आहेत. दोघांचीही रात्र वाया गेली.

हा प्रश्न किती जुना आहे पाहा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नरेंद्र पटणी आणि त्यांची पत्नी पूनम अमेरिकेत केंब्रिजला राहत होते. अमेरिकेतल्या कागदपत्रांतली माहिती भारतात पाठवून इथे यंत्रावर चढवून घ्यायची, अशी त्यांची कल्पना. ती चालेल का, हे पाहायला त्यांनी घरातच प्रयोग केला. एक खोली अमेरिका, दुसरी भारत. या खोलीतून त्या खोलीत बोलायचं नाही; सूचना द्यायची ती फक्त लिहून. नवरा-बायको एका घरात असून तोंडाला कुलूप! लिहिलेलं पलीकडे नीट कळलं नाही की पुन्हा लिहायचं. पुढे ते काम पुण्यात फ्लेक्सोरायटर यंत्रांवर खरोखर झालं आणि त्यातून पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्स उभी राहिली. नारायण मूर्ती आणि त्यांचे सहकारी १९८१ मध्ये तिथूनच बाहेर पडले आणि इन्फोसिस काढली. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाच्या कथेत हा प्रयोग गमतीचा किस्सा म्हणून येतो. मला तो त्या उद्योगातला सगळ्यात गंभीर प्रसंग वाटतो. माणसं दूर जाण्याआधीच त्या दोघांनी भिंत उभी करून पाहिली होती. आपल्यातल्या किती टीम लीडरांनी एक दिवस न बोलता, फक्त लिहून काम देऊन पाहिलंय?

लिहिण्याची ही शिस्त काही कंपन्यांनी टोकाला नेली. गिटलॅब या कंपनीची माणसं जगभर आपापल्या घरी बसतात. तिच्या कामाच्या रीतींची पुस्तिका दोन हजारांहून जास्त पानांची आहे आणि ती कुणालाही वाचता येते. एवढं लिहिण्याचा सोस आपल्याला परवडणारा नाही. पण रजा कुणाकडे मागायची, बिल कुणी मंजूर करायचं, क्लायंट ओरडला तर पहिला फोन कुणाला, ही दोन पानंसुद्धा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कागदावर नसतात. ती कुणाच्या तरी डोक्यात असतात, आणि ते ‘कुणी तरी’ नेमकं लग्नाला गेलेलं असतं.

लिहिणं हा अर्धा भाग. पलीकडून आलेलं काम तपासायचं कसं, हा दुसरा. इथे मला आयटीपेक्षा मुंबईचं गिरगाव जास्त शिकवतं. १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. जसवंतीबेन पोपट त्यांतल्या एक. तो श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. आज तिथे ४५ हजारांच्या आसपास बहिणी काम करतात, आणि लाटणं होतं ते जिच्या तिच्या घरी. सकाळी शाखेत मळलेलं पीठ मिळतं. बाई ते वजन करून घेते, घरी नेते, लाटते, वाळवते. दुसऱ्या दिवशी पापड परत आणते. तिथे त्यांचं वजन होतं, पीठ किती नेलं आणि पापड किती आले याचा ताळा होतो, आकार, जाडी, वाळलेपणा पाहिला जातो. चांगलं असेल ते घेतलं जातं आणि लाटणावळ हातात पडते. तोच हात नवं पीठ घेऊन घरी जातो. तिने सकाळी लाटलं की दुपारी, मध्येच मुलाला शाळेतून आणायला गेली का, याची चौकशी कुणी करत नाही. चौकशी होते ती आधी: घरात जागा आहे का, स्वच्छता आहे का, वाळवायला सोय आहे का. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद ठेवावं लागलं होतं. दुसऱ्या वर्षी खाटेवर पापड आणि खाटेखाली शेगडी अशी तजवीज झाली. घरून काम करणाऱ्याच्या घराची अडचण ही संस्थेचीच अडचण, हे त्यांनी १९६० मध्येच ओळखलं होतं. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली आणि मुलगा कॉलवरून गळाला तर त्याचा पगार कापणाऱ्यांनी या शेगडीवर जरा विचार करावा.

अर्थात कोड, डिझाइन किंवा ग्राहकाशी झालेला संवाद तराजूत घालता येत नाही. इथेच साहेबांची पंचाईत होते. कामाचं माप सापडत नाही, म्हणून ते जे मोजता येतं ते मोजू लागतात: हिरवा ठिपका, माउस किती वेळा हलला, कॅमेरा चालू की बंद. त्यावरचे तोडगेही माणसं चटकन शोधतात, ते इथे सांगत बसत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने दुसरीकडेही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं जाहीर झालं, तेव्हापासून तर पहाऱ्याला नैतिक बळच मिळालं. फसवणारे असतात, मान्य. पण पहारा ठेवून फसवणारा सापडेल. चांगलं काम कुठलं, हे पहाऱ्यातून कळत नाही. ते कळायला काम वाचावं लागतं, उघडून पाहावं लागतं, आणि ‘हे परत कर, कारण...’ असं कारणासकट सांगावं लागतं. हे कंटाळवाणं आहे आणि वेळखाऊ आहे. टीम लीडरला त्याचाच पगार मिळतो.

घरून काम होतं का, या प्रश्नावर शांघायच्या सीट्रिप कंपनीतला प्रयोग नेहमी पुढे केला जातो. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कॉल सेंटरमधल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कर्मचाऱ्यांवर नऊ महिने तो केला, आणि घरी बसलेल्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्याच प्रयोगातला दुसरा निष्कर्ष फारसा कुणी सांगत नाही: तेवढंच चांगलं काम करूनही घरी बसलेल्यांची बढतीची शक्यता जवळपास निम्म्याने घसरली. आणि प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितली तेव्हा घरी बसलेल्यांपैकी निम्मे ऑफिसात परतले, एकटेपणा सोसवेना. लोधीखेड्यातल्या मुलाने हा दुसरा निष्कर्ष आधी वाचावा. नजरेआड असलेल्या माणसाचं काम दिसतं, माणूस दिसत नाही, आणि बढतीच्या बैठकीत नावं माणसांची निघतात.

मायक्रोसॉफ्टने २०२० च्या पहिल्या सहामाहीत अमेरिकेतल्या आपल्या ६१ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या संपर्काचा अभ्यास केला. घरी गेल्यावर माणसं आपापल्या गटाशी जास्त बोलू लागली आणि दुसऱ्या गटांशी कमी. आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांकडे पाहिलं तर यात नवल वाटू नये.

आता पलीकडच्या घरात जरा डोकावू. एकत्र कुटुंब, दोन खोल्या, मधल्या खोलीत टेबल. मुलगी कॉलवर आहे. मागून सासूबाई जातात, कुकरची शिट्टी होते, आणि कॅमेरा चालू ठेवण्याचा नियम तिचं स्वयंपाकघर बंगळुरूच्या बारा माणसांपुढे मांडतो. हीच नोकरी शहरात जाऊन करायची असती तर कदाचित तिला ती करताच आली नसती, हेही खरं. लग्नानंतर सौंसरसारख्या गावात आलेल्या अनेक शिकलेल्या मुलींना या व्यवस्थेनं पहिल्यांदा स्वतःचा पगार दिला. म्हणून तर ती नीट चालवायला हवी. कॅमेऱ्याचा नियम करणाऱ्याने एकदा स्वतःच्या घरातून, सुट्टीच्या दिवशी, सगळी मंडळी घरात असताना चार तास कॅमेरा चालू ठेवून पाहावा.

घड्याळाचाही जाच असतो. क्लायंट न्यूयॉर्कचा असेल तर तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये तिकडे काटा सरकला की इकडची मीटिंग तासाने हलते आणि तिच्यासोबत घरातल्या जेवणाची वेळ. आणि पोळा! हैदराबादच्या टीम लीडरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या मुलाने रजा का मागितली हे कळायला मार्ग नाही. त्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते, गाव बंद असतं, रस्ते बंद असतात आणि दरवर्षी माणसं जखमी होतात. ही प्रथा असावी की नसावी यावर माझं मत वेगळं आहे, पण त्या दिवशी डेडलाइन ठेवू नये याबद्दल वाद नको. कंपनीच्या सुट्ट्यांची यादी मुख्यालयाच्या गावावरून छापली जाते. टीममधल्या प्रत्येकाने आपल्या गावचे चार दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच कळवून ठेवावेत, एवढ्याने निम्मी कटकट जाते.

भाषेबद्दल थोडं. इथला मुलगा घरी नागपुरी वळणाची मराठी बोलतो, हिंदी माध्यमात शिकलेला असतो आणि कॉलवर इंग्रजीत अडखळतो. मीटिंगमध्ये तो गप्प बसला की ‘इनिशिएटिव्ह नाही’ असा शेरा पडतो. त्याला मीटिंगच्या आदल्या दिवशी मुद्दे लेखी द्या आणि उत्तर लेखी घ्या, मग शेरा लिहा. पुण्याच्या सदाशिव पेठेतून आलेल्या टीम लीडरला त्याचं ‘येऊन राहिलो’ ऐकून हसू येतं. ते हसू म्यूट करून ठेवावं.

लिहून दिलं, तपासलं, तरी एक गोष्ट उरते: कुणीतरी जायला हवं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचं जे काम १९९० च्या दशकात केलं, ते जगभर गाजलं ते बालमृत्यू घटल्यामुळे; १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याची नोंद आहे. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. ३९ गावांत ३९ ठिकाणी एकेकटी काम करणारी, जेमतेम शिकलेली गावातलीच बाई. तिला आधी भरपूर शिकवलं, नोंदीचा कागद तिला भरता येईल असा केला, आणि दर पंधरवड्याला एक डॉक्टर गावात जाऊन तिच्या नोंदी तिच्यासमोर बसून पाहत असे, चुकलं तिथे दाखवत असे. धड रस्ते नव्हते, घरोघर फोन नव्हते. भेट चुकवायची नाही ही शिस्त मात्र होती. आज फोन आहेत, म्हणून भेटी बंद झाल्या. सरकारी योजनांत तर पर्यवेक्षण म्हणजे ‘ग्रुपवर फोटो टाका’ इतकंच उरायला लागलंय.

भेटीसोबत अधिकारही लागतो. सौंसरजवळ बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडची गिरणी १९९१ पासून आहे. कंपनीचा कारभार मुंबई-ठाण्याचा, कापड इथलं. पण गिरणीत मॅनेजर असतो. मशीन बंद पडलं तर काय करायचं, पाळीत माणूस कमी आला तर कुणाला बोलवायचं, हे तो जागेवर ठरवतो. कारखाना दूर ठेवताना अधिकारही सोबत पाठवावा लागतो, हे उद्योगाला शंभर वर्षांपासून माहीत आहे. लॅपटॉप पाठवताना मात्र फक्त लॅपटॉप पाठवला गेला. विदर्भात आणि लगतच्या या पट्ट्यात एखाद्या कंपनीची पाच-सहा माणसं विखुरलेली असतील तर त्यांतल्या एकाला थोडे अधिकार द्यावेत: दोन दिवसांची रजा मंजूर करणं, इंटरनेट बंद पडलं तर नागपुरात दिवसापुरती बसायची जागा घेणं, नव्या माणसाला पहिला आठवडा समोर बसवून शिकवणं. आणि तिमाहीत एकदा पुण्याच्या साहेबाने यावं. नागपूरपर्यंत रेल्वे आहे, पुढे तास-दीड तासाचा रस्ता. त्या प्रवासाचं बिल ‘टीम खर्च’ म्हणून आधीच मंजूर असावं, नाहीतर पहिल्याच काटकसरीत ते कापलं जातं.

पुस्तिकेच्या रचनेबद्दल दोन शब्द. पहिली तीन प्रकरणं काम लिहून देण्याची आहेत आणि त्यांत नमुने दिले आहेत. ते जसेच्या तसे न उचलता आपल्या टीमची नावं आणि तारखा घालून वापरावेत. चौथं तपासणीचं, पाचवं भेटींचं. सहाव्यात पगार, रजा आणि बढतीच्या नोंदी कशा ठेवायच्या ते आहे. ते टीम लीडरने आणि टीममधल्या माणसाने सोबत वाचावं, वेगवेगळं नको. ज्यांची टीम चार माणसांपेक्षा लहान आहे त्यांनी चौथ्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. पुस्तिका मराठीत असली तरी नमुने हिंदीतही दिले आहेत, कारण या बाजूच्या अनेकांना लेखी काम हिंदीत करायची सवय आहे.